हातांनी बघायचं गाव

फळी

प्लायवूडची फळी खोलीत आली खरी, पण ठेवायची कुठे? घोडपदेवच्या चाळीतली ती खोली म्हणजे एक खाट, एक कपाट, एक मोरी आणि उरलेल्या जागेत माणसं. खाट शेवंतीची. खाटेखाली भांडी. चिंतामणीने इकडेतिकडे पाहिलं, टीव्ही उचलून कपाटावर चढवला आणि टीव्हीच्या टेबलावर फळी आडवी टाकली. तसाही त्या घरात आता टीव्ही फारसा कोणी बघत नव्हतं. एक ऐकणारी होती, आणि ऐकायला काय, कपाटावरूनही ऐकू येतं.

संध्याकाळी दर्शना, त्यांची मुलगी, प्रभादेवीच्या ऑफिसातून घरी आली आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून दारात थांबली.

"बाबा, हे काय आणलंत?"

"जमीन."

"कसली जमीन?"

"आईच्या गावची."

"घरात पाय ठेवायला जागा नाही, आणि तुम्ही जमीन घेतलीत."

खाटेवरून शेवंती हसली. तिचं तोंड मुलीच्या आवाजाच्या दिशेला होतं, म्हणजे जवळजवळ दिशेला. हल्ली ती दाराच्या जरा डावीकडे बघून हसायची.


त्याआधी, टॅक्सीत

शेवंतीला साखर होती. साखरेने आधी डोळे नेले, मग मूत्रपिंडं. आता एक दिवसाआड परळच्या हॉस्पिटलात डायलिसिस. मशीन जिथे, तिथे तुम्ही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. गावाकडे तालुक्याला मशीन आहे म्हणे, पण तिथवरचा प्रवास तिला सोसला नसता.

एका दुपारी परतताना टॅक्सी सिग्नलला अडकली होती. शेवंतीने मान मागे टाकली होती. चिंतामणीला वाटलं, झोपली.

"अवो, आमच्या खळ्यातून खाली उतरला की व्हाळ खंयच्या हाताक?"

"उजव्या," चिंतामणी म्हणाला.

"नक्की?"

नक्की कुठलं? लालबागच्या गल्ल्यांमधून गणपतीचे देखावे करण्यात त्याचा उभा जन्म गेला. डोंगर, कडे, दऱ्या, धबधबे, जंगलं. अख्खं गिरणगाव गणपतीला कोकणात पळायचं तेव्हा हा बांबूच्या सांगाड्यावर चढून कड्याला रंग मारत असायचा. सासुरवाडीला गेला तो फक्त मे महिन्यात, आणि मे महिन्यात व्हाळ, तो पावसाळी ओढा, म्हणजे नुसते गोटे. पाणी नसलेल्या व्हाळाकडे कोण लक्ष देतो?

"नक्की नाही," तो म्हणाला.

"माका पण नाय आठवत." टॅक्सी सुटली, परत अडकली. "काल दर्शनाचा तोंड आठवूक बसलंय. आवाज येता. तोंड येत नाय. तुमचा अर्धा आसा अजून. वरचा."

"आणि खालचं?"

"खालचा गेला. बरा झाला. पडलेले दात कोण बघीत बसतलो?"

ड्रायव्हर आरशातून हसला. चिंतामणीही हसला. शेवंती हसली नाही.

"माझो गाव चललो ओ," ती म्हणाली. "एक एक करून. परवा फणस गेलो."

डोळे गेले की काळोख होतो, असं लोकांना वाटतं. तिला तसं झालं नव्हतं. बाहेरचं गेलं तरी आतली चित्रं शाबूत होती. ती चित्रंच आता विटत होती, बंद गिरणीच्या भिंतीवर रंगवलेली जाहिरात विटते तशी. आधी अक्षरं जातात, मग रंग, मग इथे काहीतरी लिहिलेलं होतं एवढाच डाग उरतो. आणि एकदा गेलेलं परत बघून ताजं करता येत नव्हतं.

टॅक्सीतून उतरवताना चिंतामणी तिला म्हणाला, "मी करतो गाव. तू हाताने बघ."

"माका देखावो करतास?"

"मग काय? दुनियेला केले."


सांगाडा

बांबूच्या कामट्या, लोखंडी बारीक जाळी, गोणपाट, काथ्या, चिकणमाती, प्लास्टर, लाकडाचा भुसा. लालबागच्या दुकानदाराने विचारलं, "कुठल्या मंडळाचं?" चिंतामणी म्हणाला, "घरचं." दुकानदाराला ते खोटं वाटलं. बरोबरच होतं त्याचं. गेली काही वर्षं चिंतामणीकडून कोणी काथ्याचा तुकडासुद्धा करून घेतला नव्हता. आता मंडपात मागे मोठी स्क्रीन लावतात, तिच्यावर वाट्टेल तेवढे धबधबे पडतात, आणि विसर्जनानंतर गोणपाट फेकायची कटकट नाही.

दर्शनाने आपल्या परीने मदत केली. मामाच्या मुलाला फोन करून गावचा व्हिडिओ मागवला. आला. बापलेक कोपऱ्यात मोबाईलवर डोकी जोडून बघत बसले.

स्लॅबचं घर. दारात पांढरी गाडी. खळ्यात, म्हणजे जिथे शेवंतीची आई शेण सारवायची त्या अंगणात, लाल-करडे पेव्हर ब्लॉक. कुंपणाला निळा पत्रा. फणसाच्या जागी पाण्याची टाकी. आणि मामाच्या मुलाचा आवाज, कौतुकाने: "आत्ये, बघ गो, सगळा टकाटक केलंय!"

"काय दिसता?" खाटेवरून शेवंतीने विचारलं.

दर्शनाने बापाकडे बघितलं.

"सगळं तसंच आहे, आई."

"व्हाळ?"

"तो... व्हिडिओ संपला तिथे."

संपला नव्हता. व्हाळावरून काँक्रीट टाकून रस्ता नेला होता. कुठल्या हाताला होता, ते त्या व्हिडिओत ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

म्हणजे आता ते गाव जगात एकाच ठिकाणी होतं, शेवंतीच्या डोक्यात. आणि तिथूनही चाललं होतं. चिंतामणीने हात चालवला तो वेगाने. ती खाटेवर पडून सांगायची, तो फळीवर लावायचा. घर. पुढे खळा. खळ्याच्या कडेला गडगा, म्हणजे नुसत्या दगडांवर दगड रचलेली भिंत, जिच्यात साप असतात म्हणून पोरींनी बसायचं नाही आणि तरी त्या बसतात. गडग्याला खिंडार. खिंडारातून पाणंद खाली. पाणंदीच्या शेवटी भाताचे कोपरे, पायऱ्यापायऱ्यांनी उतरलेले. मग व्हाळ. व्हाळापलीकडे देवीचं देऊळ, आणि सगळ्याच्या मागे डोंगर.

"डोंगर केवढा?"

"डोंगराएवढो! केवढो म्हणजे काय?"

व्हाळ त्याने उजव्या हाताला ठेवला. तिने हरकत घेतली नाही.


मागचा डोंगर

आणि इथे, ऐका, चिंतामणी सुखात होता. हे लपवण्यात अर्थ नाही. बायको खाटेवर विझत होती, आणि हा गोणपाटाचा तुकडा मातीच्या राबड्यात बुडवून कामट्यांवर पसरत होता आणि शीळ घालत होता. ओलं गोणपाट सांगाड्यावर टाकलं की ते स्वतःच डोंगर होतं, घड्या पडतात तिथे घळी होतात, फक्त बोटाने जरा इकडे, जरा तिकडे. बोटांना सगळं आठवत होतं.

रघु आला. रघु त्याचा जुना जोडीदार, मंडपाच्या बांबूवर दोघांनी एकत्र जिंदगी काढलेली. दारात उभा राहून त्याने चप्पलसुद्धा काढली नाही, नुसता बघत राहिला.

"आयला, चिंत्या."

"काय?"

"खोली बघ ना रे! कोसभर आत गेल्यासारखं वाटतंय. टेबलाएवढ्या जागेत."

चिंतामणीची मान जरा वर झाली. ती खोली हीच त्याची विद्या. देखाव्याला जागा मिळते हातभर आणि दाखवायचा असतो सह्याद्री. तर पुढचं घर मोठं करायचं, मधली शेतं अरुंद करत न्यायची, मागचं देऊळ सुपारीएवढं, त्यामागचा डोंगर मुठीएवढा. नदी पुढे रुंद, मागे दोऱ्यासारखी. आणि मागची बाजू हळूच वर उचलायची, म्हणजे रांगेत शेवटी उभ्या असलेल्या बाईलाही सगळं दिसतं. डोळा फसतो आणि खूश होतो. मागचा डोंगर लहान करायचा, हे चिंतामणीला मिसरूड फुटायच्या आधीपासून माहीत होतं. श्वास कसा घ्यायचा हे कोणी ठरवतं का?

चाळीतली माणसं येऊन दारातून बघून गेली. दर्शनाने फोटो काढले. ऑफिसातल्या बायका म्हणाल्या, वॉव. एक शेजारीण तर हात जोडून गेली.

शेवंती खाटेवरून सगळ्यांचं ऐकत होती. "इतक्या बरा झालाहा?" तिने दर्शनाला विचारलं.

"आई, एक नंबर."

"मगे माका कधी दाखवतास?"

"सुकू दे," चिंतामणी म्हणाला.


हात

तिने हात धुतले. देवाला बसताना धुवावेत तसे. दर्शनाने तिला खुर्चीत टेबलासमोर बसवलं. चिंतामणीने तिचा उजवा हात उचलून घराच्या दारात ठेवला. डावा हात मशीनचा. सुया टोचून टोचून त्याच्यावर गाठी आल्या होत्या, तो ती मांडीवरच ठेवायची.

दार.

दाराची पायरी. बोटं पायरीवर बसली. "हां."

खळा. तळहात सपाट. "सारवलेलो वाटता."

गडगा. एक दगड, दुसरा दगड. "हय साप आसत." दर्शना हसली.

खिंडार. बोट आत.

पाणंद.

पाणंद.

इथे हात थांबला. उतरायला हवा होता तो वर चढायला लागला.

"ह्यां काय? घरातून व्हाळाक जाताना चढ?"

"चढ नाही गो, ती मागची बाजू जरा—"

"पाणी वर चढता आमच्या गावात?"

"तू पुढे जा."

पुढे शेतं. पहिला कोपरा बोटभर रुंद, त्यानंतरचा त्याच्या निम्मा, मग नखाएवढा, मग नुसतीच एक रेघ. बोट पुढे जायला लागलं आणि एका बोटाखाली चार कोपरे आले. तिने हात मागे घेतला. पुन्हा घरापासून निघाली. पुन्हा तिथेच.

"देऊळ खंय?"

चिंतामणीने तिचं बोट धरून देवळावर ठेवलं.

"ह्यां देऊळ? ह्यां तर सुपारी."

"लांब आहे ना गो ते. लांबचं बारीक दिसतं."

"दिसता," शेवंती म्हणाली.

वर कपाटावर टीव्ही चालू होता, कोणीतरी काहीतरी विकत होतं. दर्शनाने तो बंद केला.

"मी केवढी आसंय ह्यात?" शेवंतीने विचारलं. ती खरोखर विचारत होती. "घराकडे मी बोटाएवढी. दारातून आत जातंय. पाणंदीत मावत नाय. देवळाकडे राक्षशीण. देवीक चिरडून टाकीन. चालू कशी?"

"मी परत करतो."

"असाच होता ओ हल्ली. माझ्या डोक्यात. जवळचा जवळचा रवता, लांबचा लांबचा बारीक होत जाता. तुमी तांच केलास." ती चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. "अगदी तसाच झालाहा."


(डोंगर काढला)

इथे डोंगर होता.

चिंतामणीने तो दुसऱ्या दिवशी सकाळी, दर्शना ऑफिसला गेल्यावर, हाताने उपटून काढला. गोणपाट मोरीत भिजवलं, माती वाहून गेली आणि खालच्या मजल्यावर मोरी तुंबली. खालच्या बाईने जिन्यातून बोंब मारली, "डोंगर घालताय का आमच्या पाइपात?" तिला माहीत नव्हतं ती किती बरोबर बोलतेय.

देऊळ काढलं. शेतं खरवडली. फळीखाली मागच्या बाजूला दिलेले ठोकळे काढले, फळी सपाट झाली. मग तो बसून राहिला.

सपाट फळी. आता? एकच माप, पुढेही तेच, मागेही तेच. सांगायला सोपं. पण फळी तेवढीच होती आणि गाव गावाएवढं. सगळंच्या सगळं खऱ्या मापाने बसवायचं तर घर काडेपेटीएवढं होत होतं, आणि काडेपेटीच्या दारात बोट जात नव्हतं. बोट जाईल एवढं घर केलं तर देऊळ टेबलावरून उतरून, खाटेवरून, दाराबाहेर गॅलरीत जात होतं, आणि डोंगर पार खालच्या मैदानात.

तो शेवंतीजवळ जाऊन बसला.

"सगळं नाही मावत गो. काय ठेवू?"

"काय काढूचा लागतला?"

"डोंगर तर गेला."

"डोंगर आमचो नव्हतोच. बघूचो होतो नुसतो." तिने जरा विचार केला. "शाळेची वाट काढा. माका शाळा आवडा नाय."

"आणखी."

"भटाचा घर."

"आणखी."

"अजून?"

"देवळापर्यंत नाही पोचत, शेवंते."

बराच वेळ ती पदराच्या टोकाला पीळ घालत राहिली. त्या देवळात, लग्नाआधी एकदा तो जत्रेला गेला तेव्हा, तिचं आणि त्याचं ठरलं होतं. तिथल्या दीपमाळेखाली तिच्या बापाने याला पहिल्यांदा विचारलं होतं, गिरणीत आसास की बाहेर?

"काढा," ती म्हणाली. "घर ते व्हाळ ठेवा. चार कोपरे ठेवा. बास झाला."

अशी तिने स्वतःच्या तोंडाने एकेक गोष्ट सोडली, आणि चिंतामणीने एकेक सोडलेली ऐकली.


उतार

लांबी कशी काढायची? मीटर तिला माहीत नव्हते.

"पाणंद केवढी लांब?"

"भरलेली कळशी घेऊन वर येताना एकदा खांदो बदलूचो लागा."

"आणि कोपरे?"

"लावणी करताना एका कोपऱ्यात कंबर मोडा. दुसऱ्यात भूक लागा."

त्याने तेवढं अंतर मनात धरलं आणि फळीवर मांडलं. आयुष्यात पहिल्यांदा तो अशी वस्तू करत होता जी कोणी बघणार नव्हतं. गमछा डोळ्यांना बांधून बघायचा, बोटाने चालायचा, अडखळला तिथे खरवडायचा. रंग नाही. रंग कशाला? भुसा हिरवा केला नाही, तसाच पिवळा चिकटवला, हाताला खरखरीत लागावा म्हणून. गडग्याला खडी. खळ्याला साबणाने घोटलेलं प्लास्टर. कोपऱ्यांचे बांध काथ्याचे. व्हाळाला नदीतले गोटे हवे होते, ते दादरला कुंड्यांच्या दुकानात मिळाले. कुठल्या नदीचे, देव जाणे.

रघु आला, बघितलं, आणि या वेळी चप्पल काढून आत येऊन बसला.

"चिंत्या, हे काय केलंस?"

"बरोबर केलंय."

"भायखळ्याचा रस्ता खणून ठेवलाय तसं दिसतंय."

"दिसायला नाहीच आहे ते."

रघुला वाईट वाटलं. चहा घेऊन तो लवकर उठला. जाताना जिन्यात दर्शना भेटली, तिला म्हणाला, "तुझ्या बापाचा हात गेला गो."

हात गेला नव्हता. पण वेळ गेला. प्लास्टर सुकेना, हवेत ओल होती. मधेच शेवंतीला ताप आला, हॉस्पिटलात ठेवावं लागलं. परत आली ती अर्धी होऊन. बोटांना मुंग्या येतात म्हणायची आधी. मग म्हणेनाशी झाली. चिंतामणीला वाटलं, बरं वाटतंय.

एका सकाळी त्याने तिच्या हातात चहाचा ग्लास दिला. स्टीलचा, चहा उकळता ओतलेला. त्याने स्वतः तो गमछ्यात धरून आणला होता, आणि देताना सांगायचं विसरला. तिने ग्लास घेतला, दोन्ही तळहातांमध्ये धरला आणि शांतपणे फुंकर मारत बसली. चिंतामणी बघत राहिला. त्याने ग्लास काढून घेतला.

"कित्याक काढलास?"

"साखर घालायची राहिली."

"माका साखर?"

"दर्शनाच्या कपातली. चुकून." तो काहीतरीच बोलला. मग फळीकडे गेला आणि खिंडाराची खडी नीट बसवायला लागला. ती आधीच नीट बसलेली होती.


पुन्हा हात

दर्शनाने सुट्टी घेतली. खुर्ची. हात धुतले. उजवा हात दारात.

शेवंती निघाली.

"हां, दार. पायरी. खळो." हात चालू लागला, आणि या वेळी कुठेच अडला नाही. "गडगो. खिंडार. हां, उतार, आता बरोबर उतार आसा. पाणंद." तिचा आवाज सरळ, न अडखळता. "हय खांदो बदलूचो. आता पयलो कोपरो. दुसरो. हय भूक लागली." ती हसली. "तिसरो. चवथो. आणि हो व्हाळ."

"आई!" दर्शनाला रडू आलं. "बाबा, बघा ना, सगळं ओळखलं."

चिंतामणी बघत होता.

व्हाळ म्हणाली तेव्हा तिची बोटं गडग्यावर होती. कोपरे मोजले ते खळ्यात. पाणंद म्हणाली तेव्हा हात फळीच्या कडेबाहेर, हवेत होता. ती चालत नव्हती. जे तिने त्याला सांगितलं होतं, तेच ती परत त्याला सांगत होती, त्याच क्रमाने, एकही गोष्ट न वगळता, म्हणजे त्याला बरं वाटावं. तिच्या बोटांना त्या फळीवरचं काहीएक लागत नव्हतं.

गडग्याशी जाळीची एक तार प्लास्टरातून वर आली होती. ती तिच्या मधल्या बोटात शिरली आणि हात पुढे गेला तशी मोडून आतच राहिली. पांढऱ्या प्लास्टरवर लाल रेघ उठली, खळ्यातून खिंडाराकडे. शेवंतीचा हात त्या रेघेवरून मागे आला आणि रेघ फासली गेली.

"मस्त झालाहा," शेवंती म्हणाली. "थंयच गेल्यासारखा वाटता."

दर्शनाचं तेव्हा लक्ष गेलं. तिने तोंडावर हात घेतला. चिंतामणीने मान हलवून तिला गप्प राहायला सांगितलं.

"आता एक करा," शेवंती म्हणाली. हात तिने मांडीवर घेतला, साडीला रक्त लागलं. "आता तुमी चला. मी ऐकतंय. खंय काय आसा ता सांगत चला."

चिंतामणीने आपलं बोट दारात ठेवलं. "दार," तो म्हणाला. "पायरी. खळा."

"खळ्यात कोण आसा?"

"हं?"

"माणसां खंय आसत? आये बसलेली असात ना. भाताक राखण. आणि गडग्यावर पोरां."

चिंतामणी थांबला. माणसं त्याने कधी केलीच नव्हती. देखाव्यातली माणसं मूर्तिकाराकडून यायची. राजा, मावळे, साधू, सगळे टेंपोतून आणून ऐनवेळी उभे करायचे, आणि तोवर चिंतामणीचं काम संपलेलं असायचं, तो बाहेर विडी ओढत असायचा. त्याच्या हाताखालून गेल्या तेवढ्या डोंगरदऱ्यांत एकही माणूस त्याचा नव्हता. आत्तासुद्धा त्याला ते सुचलं नव्हतं.

खोटं बोलता आलं असतं. आई बसलीये, पोरं बसलीयेत. तिच्या बोटांना कळणार नव्हतं.

"माणसं नाही केली गो," तो म्हणाला.

"एक पण नाय?"

"नाही."

शेवंतीने मान हलवली. नेहमीप्रमाणे ती त्याच्या जरा डावीकडे बघत होती, भिंतीकडे.

"मगे बरोबर आसा," ती म्हणाली. "थंय आता कोण नायच."

दर्शना गॅलरीत निघून गेली. चिंतामणीने खुर्चीशेजारी बसून शेवंतीचा उजवा हात मांडीवरून उचलला, उजेडाकडे धरला आणि मधल्या बोटातली तार नखात पकडून हळूहळू ओढायला लागला. तार खोल गेली होती. अर्धी आली, निसटली. त्याने पुन्हा पकडली.

"चला ना," शेवंती म्हणाली. "खळ्यात थांबलास कित्याक?"

"चाललोय," तो म्हणाला.